मल्लीपट्टणमचा मनोरा

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना ‘विस्मय’ हा शब्द आम्ही वर्गात इतक्या वेळा उच्चारलेला आहे की त्याची धार केव्हाच गेली. लेखक नव्या प्रदेशात जातो, चकित होतो आणि लिहितो. चकित होण्याची शक्ती सरल्यावर तो काय पाहतो, याविषयी मात्र आपली समीक्षा सहसा बोलत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठीवर सॅक घेऊन आम्ही दोघे पुदुच्चेरीहून कोरोमंडलच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे निघालो, कुठे बसने तर कुठे पायी, तेव्हा हा प्रश्न पुस्तकीच होता. पस्तिसाव्या दिवसापर्यंत तो खांद्यांत उतरला होता.

तरंगंबाडीच्या डॅनिश किल्ल्याने (१६२०) आमच्या वहीची चार पाने घेतली होती, नागपट्टणमने दोन. राजाजींनी १९३० मध्ये तिरुचिरापल्लीहून पदयात्रा नेऊन जिथे मीठ उचलले, त्या वेदारण्यमच्या वाट्याला जेमतेम सात ओळी आल्या. पुढे नुसता हिशोब: इडली, बसभाडे, शहाळी, लॉज. सोबतची पुस्तके टपालाने घरी गेली होती. आपसांतले बोलणेही हिशोबापुरतेच उरले होते.

वेदारण्यम मागे पडले की किनारा पश्चिमेकडे वळतो आणि समुद्रच वेगळा होतो. पाल्कचा उपसागर उथळ. लाटा जवळजवळ नाहीत. चिखल, खारफुटी आणि पाण्याखाली समुद्री गवत. त्या गवतावर जगणाऱ्या डुगाँगसाठी २०२२ मध्ये तमिळनाडूने इथे राखीव क्षेत्र घोषित केले. आम्हांला अर्थात एकही दिसला नाही. १५ एप्रिल ते १४ जून ही मासेमारीबंदी असल्याने मल्लीपट्टणमच्या बंदरात ट्रॉलर ओळीने उभे होते. नोव्हेंबर २०१८ मधील ‘गाजा’ वादळाने या पट्ट्यातल्या माडांच्या बागा आडव्या केल्या. नव्या लागवडीचे माड अजून ठेंगणेच वाटले. वर्णनाला आवाहन करील असे त्या दुपारी तिथे काहीही नव्हते.

रिक्षावाल्याने विचारले, “मनोरा?” पस्तीस दिवसांत परक्याच्या तोंडून ऐकलेला हा पहिला ओळखीचा शब्द. तमिळ लोक त्या इमारतीला याच नावाने ओळखतात.

बोनापार्टच्या पाडावाच्या स्मरणार्थ दुसऱ्या सरफोजीराजांनी १८१४ च्या सुमारास उभारलेला हा आठ मजली मनोरा. विजय इंग्रजांचा, मनोरा भोसल्यांचा. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. राजांकडे उरला होता तंजावरचा किल्ला आणि तनखा. त्याच राजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या प्राकारात भोसल्यांच्या वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तो लेख आम्ही पूर्वी एका चर्चासत्राच्या निमित्ताने पाहिला होता. छायाचित्रे काढली, ऊर भरून आला, परतल्यावर विद्यार्थ्यांना दाखवलीही. इथे मात्र ऊर भरून येईना. थकलेल्या डोळ्यांना मनोरा दिसला तो एखाद्या पावतीसारखा, तनखा पोचल्याच्या.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे, ही निखळ खुशामत. दुसऱ्याचे म्हणणे, ज्याच्या हाती किल्ल्याबाहेर सत्ता नाही त्याने उंच बांधावे तरी कोणत्या निमित्ताने? शिवाय याच राजांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त जगाचा भूगोल मराठी पदांत गायिला आहे. ग्रंथालय जोपासणारा हा माणूस निव्वळ भाट कसा म्हणायचा? कितीतरी दिवसांनी आम्ही हिशोबाखेरीज कशावर तरी बोलत होतो, तेही तावातावाने. रिक्षावाला सावलीत बसून ऐकत होता. त्याला आमचे भांडण कौटुंबिक वाटले असावे.

वाद मिटला नाही. पण भिंतीवर स्ववंशाचा इतिहास कोरणारा हात आणि समुद्रकाठी परक्याचा विजय चिणणारा हात एकच, ही गोष्ट आम्हांला तोवर केवळ माहीत होती, आणि मनोऱ्याचा फोटो भिंतीच्या फोटोंशेजारी वर्गात लावणे कधी सुचले नव्हते.

योजनेप्रमाणे पुढे रामेश्वर, तिथून १९६४ च्या वादळाने उद्ध्वस्त केलेले धनुष्कोडी आणि मग घर. आम्ही ते रद्द केले. संध्याकाळच्या बसने पट्टुकोट्टैला गेलो, कारण तिथून तंजावरला गाड्या मिळतात. तो लेख पुन्हा वाचायचा होता, या वेळी कॅमेरा सॅकमध्येच ठेवून.