भुऱ्याचं कार्ड

मंगरुळपीर तालुक्यातल्या आसेगावात एका शेतकऱ्याच्या ओसरीवर भुऱ्या बारा वर्षं जगला. गावठी कुत्रा, मातकट रंग, एक कान पडका. त्याच्याआधी आणलेलं पिल्लू पार्वोनं गेलं होतं. दोन दिवस उलट्या आणि रक्ताची हगवण, तिसऱ्या दिवशी अंग गार. म्हणून भुऱ्या आला तेव्हा आजीनंच विचारलं, "लेकराले टोचता, मंग याले काऊन नाही?"

आजीच्या पिढीला पिसाळलेलं कुत्रं म्हणजे पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं एवढंच ठाऊक. लुई पाश्चरनं 6 जुलै 1885 रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला रेबीजची लस दिली, ती कुत्रा चावल्यावर. इथे कुत्र्यालाच आधी टोचायचं होतं.

दीड महिन्याचा झाल्यावर पार्वो-डिस्टेंपरची लस. आईच्या चिकातून आलेली ताकद पिल्लाच्या अंगात असेतोवर लस नीट लागू पडत नाही, म्हणून तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा. तीन महिने भरल्यावर रेबीजची, मग दरसाल. प्रत्येक वेळी कार्डावर तारीख.

डॉक्टर मोटारसायकलवर घरी येत, बर्फाचा थर्मास घेऊन. तो आवाज आला की भुऱ्या बंडीखाली शिरे; आजी गूळ-भाकरीचा तुकडा दाखवून त्याला बाहेर काढी. लस दोन ते आठ अंशांत राहायला हवी आणि वऱ्हाडातला उन्हाळा चाळिशीपार. एका वर्षी थर्मास उघडला तर बर्फाचं कोमट पाणी झालेलं. डॉक्टरांनी ती बाटली वापरलीच नाही. चार दिवसांनी नवी घेऊन आले. अशी माणसं गावाला लाभावी लागतात.

थोरल्या मुलाला वाटे, मेडिकलमधून बाटली आणून आपणच टोचावी. मानेजवळची कातडी चिमटीत धरायची, सुई सारायची, त्यात काय अवघड? पण डॉक्टर टोचल्यावर अर्धा तास ओसरीवर बसून राहत. एखाद्या कुत्र्याचं तोंड सुजतं, धाप लागते. त्यावरचं औषध त्यांच्या पिशवीत असे. ते पाहिल्यावर मुलानं तो विचार सोडला.

बाराव्या वर्षी मोटारसायकल दारात थांबली, पण भुऱ्या बंडीखाली गेला नाही. अंगात ताप होता, पाण्यालाही तोंड लावत नव्हता. आजारी जनावराला लस देत नाहीत. डॉक्टरांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तापाचं औषध दिलं आणि बाटली पुन्हा थर्मासात ठेवली.

शेजारच्या घरी एक पिल्लू होतं, नुकतेच तीन महिने भरलेलं. जाता जाता ते तिकडे वळले.