फेस मोडला, जाळ तसाच

दवाखान्यात दिवसातून चार-पाच वेळा तरी एक वाक्य कानी पडते, ‘‘डॉक्टर, गॅस धरलाय, गॅसचं औषध द्या.’’ कळंब-ढोकी परिसरातील क्वचितच एखादे घर असे असेल, की जिथे कपाटात गुलाबी किंवा हिरव्या रंगाची ती बाटली नाही. वाचकांच्या घरीही ती असेलच. बाटलीवरील बारीक अक्षरांत ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम यांच्या संयुगांच्या खाली ‘सिमेथिकोन’ किंवा ‘ॲक्टिव्हेटेड डायमेथिकोन’ असा शब्द आढळतो. पहिली दोन द्रव्ये आम्ल शमवतात. तिसरे द्रव्य काय करते हे मी महाविद्यालयात शिकलो होतो. ते काय करीत नाही, हे मात्र मला माझ्या वडिलांनी शिकवले.

सिमेथिकोन म्हणजे सिलिकोनचे तेल. सिलिकॉन हे मूलद्रव्य आणि सिलिकोन हा त्यापासून घडवलेला पदार्थ, हा भेद लक्षात ठेवावा. या तेलाचा उगम वाळूच्याच कुळातील गारगोटीत आहे. शुद्ध गारगोटी कोळशासह विद्युतभट्टीत तापवली, की तिच्यातील ऑक्सिजन निघून जातो आणि करड्या रंगाचे, धातूसारखे चकाकणारे सिलिकॉन उरते. त्याची भुकटी करून, तांब्याचा उत्प्रेरक मिसळून, सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापमानात तिच्यातून मिथाइल क्लोराइड वायू सोडतात. ही रीत अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत यूजीन रोचो यांनी १९४० मध्ये शोधली. जर्मनीत रिखार्ड म्युलर हेही स्वतंत्रपणे त्याच वाटेने तेथे पोहोचले. त्यापूर्वी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे फ्रेडरिक किपिंग यांनी कित्येक वर्षे या संयुगांचा अभ्यास केला होता आणि ‘सिलिकोन’ हे नावही त्यांनीच रूढ केले. परंतु या चिकट पदार्थांचा व्यवहारात फारसा उपयोग होईल, असे त्यांना वाटले नव्हते.

भट्टीतून जे बाहेर पडते, ते अनेक द्रवांचे मिश्रण असते. त्यातील हवा तो रेणू दोन हातांचा, म्हणजे दोन बाजूंनी जोडला जाणारा. तीन हातांचे रेणू त्यात राहिले, तर साखळीला फांद्या फुटतात आणि तेलाऐवजी डिंकासारखा गोळा होतो. दोन हातांचा द्रव ७० अंशांना उकळतो, तीन हातांचा ६६ अंशांना. अवघ्या चार अंशांच्या या फरकावर उंच मनोऱ्यांत ऊर्ध्वपातन करून त्यांना वेगळे करावे लागते. कारखान्यातील खरी कसोटी येथेच असते. पुढे या द्रवाची पाण्याशी गाठ पडली, की क्लोरीन निघून जातो आणि सिलिकॉन-ऑक्सिजन, सिलिकॉन-ऑक्सिजन अशी साखळी विणली जाते. एकाच हाताचा रेणू टोकाला बसवला, की ती थांबते. साखळी आखूड ठेवली तर तेल पाण्यासारखे वाहते, लांब केली तर मधासारखे दाट होते. औषधासाठी अशा शुद्ध तेलात अत्यंत बारीक सिलिका मिसळतात. तेच सिमेथिकोन.

त्याची सारी करामत पृष्ठताणात आहे. पाण्याचा पृष्ठताण ज्या मापाने ७२ भरतो, त्याच मापाने या तेलाचा जेमतेम २१ भरतो. त्यामुळे तेलाचा कण बुडबुड्याच्या भिंतीत शिरताच चहूकडे पसरतो, भिंत पातळ होते, सिलिकेचे कण तिला भेदतात आणि बुडबुडा फुटतो. पोटातील फेसाचे लहान बुडबुडे असे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि हवा ढेकरेवाटे किंवा खालून सुटते. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. हे तेल गॅस तयार होणे थांबवीत नाही, केवळ फेस मोडते. आणि ते आतड्यातून रक्तात शोषले जात नाही. जसे गेले तसेच शौचावाटे बाहेर पडते. म्हणूनच ते इतके निर्धोक आहे आणि म्हणूनच त्याचा पल्लाही तेवढाच आहे.

माझे बालपण ढोकीजवळच्या खेड्यात गेले. तेरणा कारखान्याला ऊस घालूनही थोडा उरे, आणि आबा त्याचे गुऱ्हाळ लावीत. काहिलीतील रस उकळू लागला, की आधी भेंडीचे पाणी घालून मळी काढायची. पुढे फेस काठावर येऊ लागला, की आबा तेलाचे चार थेंब सोडीत. क्षणात फेस खाली बसे. त्या तेलाचे आणि बाटलीतल्या तेलाचे काम एकाच जातीचे, हे मला पुढे एमबीबीएसच्या वर्गात उमगले आणि फार मौज वाटली.

१९९९ सालच्या जानेवारीतील गोष्ट. आबा तेव्हा साठीचे होते. रात्री नऊच्या सुमारास ते पोटाच्या वरच्या भागावर हात ठेवून म्हणाले, ‘‘बाळ, जेवण अंगावर आलंय. वारा धरल्यासारखं होतंय.’’ दिवसभर गुऱ्हाळावर होते, हुरडा खाल्लेला होता. मी पोट तपासले, ते मऊ होते. बाटलीतले दोन चमचे औषध दिले. दोन ढेकरा आल्या, आबा म्हणाले, ‘‘हलकं वाटतंय.’’ मी निश्चिंत होऊन झोपलो. ईसीजीचे यंत्र घराला लागून असलेल्या माझ्याच दवाखान्यात होते.

पहाटे चारला आईने उठवले. आबा घामाने चिंब झाले होते, चेहरा राखेसारखा पडला होता. तेव्हा काढलेल्या पट्टीवर हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका स्पष्ट उमटला होता. जीप करून आम्ही त्यांना बार्शीला नेले. आबा वाचले, पण हृदयाचा जो भाग त्या सात तासांत रक्ताविना राहिला, तो कायमचा निकामी झाला. पुढली अकरा वर्षे ते जगले, मात्र पुन्हा काहिलीपाशी उभे राहू शकले नाहीत.

रुग्णालयात चौथ्या दिवशी त्यांनी विचारले, ‘‘त्या बाटलीत काय असतं रे?’’ मी सांगितले, ‘‘आबा, तुम्ही काहिलीत तेल सोडता ना, तसंच. फेस मोडतं.’’ ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘म्हंजे फेस मोडला, पण खालचा जाळ तसाच राहिला की.’’ त्यांच्या स्वरात दोषारोप नव्हता. म्हणूनच तो माझ्या मनात राहिला.

हृदयाची खालची भिंत श्वासपटलावर टेकलेली असते. तिला रक्त कमी पडले, तर वेदना छातीत न जाणवता पोटाच्या वरच्या भागात जाणवू शकते. मळमळ होते, ढेकराही येतात. औषध घेऊन बरे वाटले म्हणून हृदयविकार नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. मधुमेही, स्त्रिया आणि वृद्ध यांच्यात तर छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या व्यक्तीला, विशेषतः मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखूची सवय असल्यास, पोटात वा छातीत नव्याने दडपण आले, त्याबरोबर घाम, धाप, मळमळ, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, अथवा चालताना वाढणारी वेदना असेल, तर बाटलीचे झाकण उघडण्यात वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा. जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढावा. पहिली पट्टी निर्दोष आली आणि त्रास चालूच राहिला, तर ती पुन्हा काढावी लागते, हेही ध्यानी असावे. रक्तवाहिनी मोकळी करण्याच्या उपचाराचा लाभ पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असतो.

याचा अर्थ ती बाटली फेकून द्यावी असा नव्हे. जेवणानंतरची फुगी, अपचन यांत ती कामी येते. दुर्बिणीने जठर तपासण्यापूर्वीही हेच द्रव्य फेस हटवण्यासाठी देतात. तान्ह्या बाळाच्या रडण्यावर मात्र अनेक घरांत त्याचे थेंब दिले जातात. औषधविरहित थेंबांशी तुलना करून पाहिलेल्या चाचण्यांत त्यांचा अधिक लाभ दिसला नाही. दूध पाजल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणे आणि धीर धरणे हेच उत्तम. बाळ दूध घेईनासे झाले, हिरवी उलटी केली किंवा पोट ताठ लागले, तर तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

आजही कोणी रात्री दार वाजवून गॅसचे औषध मागितले, तर मी आधी ईसीजी काढतो. काहींना तो अवाजवी वाटतो. ‘‘साधा गॅसच तर आहे,’’ असे ते म्हणतात. बहुतेकदा त्यांचेच खरे ठरते. तरीही मी पट्टी हातात घेऊन ती निरखून पाहतो आणि मगच बाटली देतो.