वन्सं, मासा नाही ना विचारा

जपानला मी आणि वहिनी, आम्ही दोघीच जाणार म्हटल्यावर घरातल्या सगळ्यांनी एकच मुद्दा लावून धरला: भाषा. जपानी दोघींनाही येत नाही, वहिनींचं इंग्रजी जेमतेम, कसं होणार? मी बँकेत काउंटरवर बरीच वर्षं काढली आहेत. बावरून समोर उभा राहणारा माणूस बहुतेक वेळा मराठीच बोलणारा असायचा. आपल्याला नेमकं काय विचारायचंय हेच त्याला ठरवता आलेलं नसायचं. म्हणून मी जपानी शिकायच्या भानगडीत पडले नाही. कुठे काय विचारावं लागेल आणि आपल्याला कोण काय विचारेल, एवढंच एका वहीत लिहायला घेतलं.

पहिलं पान व्हिसाचं. भारतीयांना पर्यटनासाठी आता ई-व्हिसा मिळतो, पासपोर्टवर स्टिकर येत नाही. तो विमानतळावर इंटरनेट चालू ठेवून फोनच्या स्क्रीनवर दाखवावा लागतो, छापील कागद किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. आमच्या पिढीला कागद हातात असला की धीर येतो, इथे तो धीर कामाचा नव्हता. म्हणून रोमिंगचा पॅक मुंबईतच सुरू करून घेतला. त्याच नंबरवर बँकेचे ओटीपीही येतात, हा आणखी एक फायदा.

पैशांचं माझ्याकडेच होतं. डेबिट कार्ड परदेशात आपोआप चालत नाही, बँकेच्या ॲपमधून ती सोय आपण सुरू करावी लागते. ऐन हॉटेलच्या काउंटरवर हे कळलेले लोक मी पाहिले आहेत. दुसरं, दुकानातलं यंत्र कधीकधी अगदी नम्रपणे विचारतं, रुपयांत पैसे देता की येनमध्ये? रुपये पाहून आपल्याला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं, पण तिथे लावलेला दर सहसा महाग पडतो. येन निवडावेत. एटीएमलाही हेच लागू. थोडी रोकड मात्र हवीच, कारण छोट्या खाणावळी आणि देवळांतल्या पेट्या कार्ड ओळखत नाहीत.

खरी काळजी वहिनींच्या इन्सुलिनची होती. डॉक्टरांकडे जाऊन तीन गोष्टी विचारून आलो. औषधांची मूळ नावं लिहिलेलं इंग्रजी पत्र मिळेल का? पेनं कुठे ठेवायची? आणि घड्याळ साडेतीन तास पुढे गेलं की डोसचं काय करायचं? उत्तरं वहीत गेली. पेनं हातातल्या पर्समध्येच ठेवायची. विमानाच्या पोटात, सामानाच्या जागी, फार थंडी असू शकते आणि गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. सर्दीच्या गोळ्या मात्र मी घरी ठेवायला लावल्या. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेली औषधं जपानमध्ये नेताच येत नाहीत, आणि आपल्याकडे सर्दीच्या गोळीत काय असतं हे पाकीट उलटून वाचतो कोण?

नारिता विमानतळ टोकियोपासून साठेक किलोमीटरवर आहे. तिथून आमच्या मुक्कामी असाकुसाला थेट ट्रेन होती, त्यामुळे पहिला टप्पा सोपा गेला. दुसऱ्या दिवशी मेट्रोचा नकाशा उघडला तर कोणीतरी रंगीत दोऱ्यांचा गुंता टाकून दिल्यासारखा. पण त्यात एक सोय आहे. प्रत्येक स्टेशनला अक्षर आणि आकडा दिलेला असतो. असाकुसा म्हणजे गिंझा लाइनवरचं जी-१९, उएनो जी-१६. आकडे चढतायत की उतरतायत एवढं पाहिलं की गाडी उलट्या दिशेची नाही हे कळतं. वहिनी घरी हौझी खेळतात, त्यांना हे माझ्याआधी जमलं. नंतर त्या नुसतं "वन्सं, सोळा आलं, उठा" म्हणायच्या.

आणखी एक गोष्ट कळल्यावर तर भीतीच गेली. तिकीट कमी रकमेचं निघालं तर जपानमध्ये दंड लावत नाहीत. बाहेर पडायच्या गेटाआधी भाडं पूर्ण करण्याचं यंत्र असतं. तिकीट घालायचं, ते उरलेले येन मागतं, भरायचे आणि बाहेर पडायचं. तिकीट तपासनीसाच्या धाकात वाढलेल्या माझ्यासारखीला हे पचायला वेळ लागला. एकदा तर आम्ही मुद्दाम सगळ्यात स्वस्त तिकीट काढून ते यंत्र वापरून पाहिलं. प्रीपेड कार्ड असलं तर एवढंही करावं लागत नाही, आम्ही नंतर तेच घेतलं.

पत्ता शोधणं हे मात्र वेगळंच प्रकरण. तिथल्या बहुतेक रस्त्यांना नावं नाहीत. पत्ता वस्ती, गट आणि इमारतीच्या क्रमांकाने चालतो, आणि हे क्रमांक ओळीने येतीलच असं नाही. एका संध्याकाळी फोनची बॅटरी संपली आणि हॉटेल सापडेना. पोलिसाला विचारायचं म्हटल्यावर वहिनी मागे सरकल्या. "चौकीत कशाला? उगाच नसतं लफडं." पण तिथल्या छोट्या चौक्या, ज्यांना कोबान म्हणतात, त्यांच्या रोजच्या कामांतलं एक मोठं काम रस्ता सांगणं हेच आहे. हॉटेलचं जपानीत छापलेलं कार्ड मी पर्समध्ये ठेवलं होतं. ते पुढे केलं. हवालदाराने भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं, मग कागदावर चार रेषा काढून दिल्या. तोंडातून एक शब्द न काढता काम झालं. पासपोर्ट मात्र जवळ होता. परदेशी पर्यटकाने तो कायम बरोबर बाळगायचा, असा तिथला कायदा आहे.

टूरबरोबर मी युरोप पाहिलंय, आणि त्यात मजाही आली. पण झेंडा धरलेल्या मुलाच्या मागे चालताना कोणालाच काही विचारावं लागत नाही, आणि न विचारण्याची सवय फार लवकर लागते.

आता खाणं. आम्ही दोघीही शाकाहारी. जपानमध्ये ‘मासे नकोत’ म्हटलं की माशाचा तुकडा येत नाही, पण रस्सा त्याचाच असतो. वाळवलेल्या कात्सुओ माशाच्या किसापासून काढलेला अर्क सूपमध्ये, सॉसमध्ये, भाजीतही असतो. म्हणून पुतणीच्या जपानी शिकणाऱ्या मैत्रिणीकडून एक कार्ड लिहून आणलं होतं: आम्ही मांस, मासे आणि माशांचा अर्कही खात नाही. नुसतं ‘शाकाहारी’ लिहून भागत नाही, अर्काचा उल्लेख हवाच. कार्ड वाचून दोनतीन ठिकाणी स्वयंपाक्याने विचार करून हात जोडले आणि नाही म्हटलं. मला हे ‘नाही’ फार आवडलं. भीड पडून काहीतरी वाढण्यापेक्षा ते बरं. एरवी दुकानातली भाताची ओनिगिरी असायची. पण आंबट-खारट उमेबोशी घातलेल्या ओनिगिरीतही कधीकधी तो अर्क असतो, म्हणून भाषांतरासाठी फोनचा कॅमेरा पाकिटावर धरायचा. "वन्सं, मासा नाही ना विचारा," हे वाक्य मी त्या प्रवासात झोपेतही ऐकलं असेल. पुढे पुढे वहिनी फोनलाही विचारेनाशा झाल्या. कात्सुओची अक्षरं त्यांच्या डोळ्यांत बसली होती.

कोयासानला मात्र वहिनींनी कार्ड बाहेरच काढलं नाही. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून ट्रेन, मग डोंगर चढणारी केबल कार, आणि वर साधारण ८०० मीटर उंचीवर मठांचं गाव. नवव्या शतकात कूकाई या भिक्षूने ते वसवलं. तिथल्या मठांत यात्रेकरूंना राहता येतं आणि जेवण शोजिन पद्धतीचं मिळतं: मांस नाही, मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. अर्क समुद्री शेवाळ आणि मश्रूमचा. मी म्हटलं, "वहिनी, चातुर्मास लागला म्हणायचा." त्यांनी तिळाचं टोफू, भाज्यांची तळणी आणि भात, सगळं ताटल्या पुसून खाल्लं. एका वाटीत स्पंजासारखे चौकोनी तुकडे होते, रस शोषून फुगलेले. ते कोया-टोफू, गोठवून वाळवलेलं. वाढणाऱ्या तरुण भिक्षूला वहिनींनी स्वतः गाठलं. फोन माझ्या हातातून घेऊन त्यात मराठीत विचारलं, "हे घरी कसं करायचं?" भाषांतर वाचून तो हसला. पाण्यात भिजवा, पिळा, मग रसात शिजवा.

खाली उतरण्याआधी वहिनींनी कोया-टोफूची दोन पाकिटं घेतली. नाशिकला आल्यावर पहिल्याच रविवारी काळ्या मसाल्याच्या रश्शात ते तुकडे टाकले. दादा दोन घास खाऊन म्हणाला, "पनीर शिळं आहे का?"