पावलाखालची कमान

गेल्या श्रावणात एका पहाटे अंथरुणातून उठलो, डावे पाऊल जमिनीला टेकले, आणि टाचेत खिळा शिरावा तशी कळ आली. भिंतीच्या आधाराने चार-दोन पावले टाकली तशी ती ओसरली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. कादंबरीतल्या नायकाचे काळीज दुखते. टाच दुखणारा नायक मी अजून लिहिलेला नाही. त्यामुळे हे दुखणे कोणापाशी बोलायचीही लाज वाटे.

वर्गात मी वीस वर्षे उभा आहे. मास्तरांसाठी खुर्ची असते. पण तिच्यावर बसलेला मास्तर वरिष्ठांना खपत नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही बसून शिकवता येत नाही. खाली शहाबादी फरशी, पायांत पातळ चप्पल.

अखेर डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "मास्तर, न्हाणीतून ओल्या पायांनी बाहेर या आणि फरशीवरचा ठसा पाहा." पाहिला. रांगोळीत लक्ष्मीची पावले काढताना बायका आतल्या बाजूला कसे नाजूक वळण ठेवतात! माझ्या ठशात त्याचा पत्ता नव्हता. लाटलेल्या पोळीसारखे सबंध पाऊल उमटले होते.

एका पावलात २६ हाडे असतात, आणि ती कमानीसारखी रचलेली असतात. खालून टाचेपासून बोटांपर्यंत एक चिवट पट्टी जाते, धनुष्याच्या दोरीसारखी. बोटे वर वळली की ती ताणते आणि कमान आपोआप उचलली जाते. हिक्स नावाच्या डॉक्टरने १९५४ साली हे उलगडून सांगितले. कठीण जमिनीवर उभे राहून राहून ही पट्टी टाचेपाशी कुरकुरू लागते. रात्री आखडते, आणि सकाळचे पहिले पाऊल तिला हिसका देते. एक्स-रेत टाचेचे हाड वाढलेले दिसले तेव्हा मी घाबरलो होतो; पण तसले हाड न दुखणाऱ्या टाचांतही सापडते म्हणे.

"चालायला लागले की मोकळे होते," असे मी डॉक्टरांना सांगत होतो आणि मध्येच थांबलो. हे वाक्य माझे नव्हते, आईचे होते.

आई चार घरच्या पोळ्या करी. दिवसभर परक्यांच्या ओट्यापाशी, अनवाणी. लोकांच्या स्वयंपाकघरात चप्पल कोण घालू देणार? सकाळी उठली की दाराची चौकट धरून ती क्षणभर उभी राही. आम्हांला वाटे, देवाचे नाव घेते आहे. संध्याकाळी काशाच्या वाटीने तळवे घाशी; कधी तापल्या विटेवर रुईचे पान ठेवून टाच शेके. आणि फारच दुखले तर पालथी निजून मला म्हणे, "बाळ, जरा तळव्यांवर उभा राहा. शंभर मोज."

बाहेर पोरे हाका मारीत असत. मी चाळिसावरून सरळ सत्तरावर उडी घेई. आई चौथीपर्यंत शिकलेली होती, दूधवाल्याचा हिशेब तोंडी करी. तिला शंभर कळत नव्हते असे नाही. "झाले? जा खेळायला," एवढेच म्हणे.

तिला जाऊन अकरा वर्षे झाली.

आता माझ्या बुटांत कमानीला उचल देणारा तळ आहे. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणतो. घरातही चप्पल सोडत नाही. त्यावरून मावशी नाक मुरडते, मुरडो बापडी. डॉक्टरांनी आणखी एक उपाय सांगितला आहे. पहाटे जमिनीवर पाय ठेवण्याआधी पलंगाच्या कडेला बसायचे, दुखरे पाऊल दुसऱ्या मांडीवर घ्यायचे, आणि तळव्याची दोरी ताठ होईपर्यंत बोटे नडगीकडे ओढायची. दहा मोजायचे, असे दहा वेळा. म्हणजे शंभरच. घरात अजून कोणी उठलेले नसते. मी हळू आवाजात मोजतो. चाळीस झाले की एकेचाळीस म्हणतो.