झोपेची नव्हे, लगामाची गोळी

आमच्या नऊ वर्षांच्या मुलाला डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट लिहून दिले, तेव्हा घरात दादीने विचारले, "पोराला नशेची गोळी देणार का?" सवाल रास्त होता. औषध उत्तेजक, मग मुळातच चंचल असलेले मूल त्याने शांत कसे व्हावे?

डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले. कपाळामागचा मेंदूचा भाग लक्ष टिकवतो, मनाला लगाम घालतो. त्याला डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायने लागतात. मेंदूच्या पेशी ती सोडतात आणि पुन्हा शोषून घेतात. गोळी हे शोषण रोखते, त्यामुळे रसायने जास्त वेळ काम करतात. म्हणजे मूल गुंगत नाही, त्याचा लगाम घट्ट होतो. अमेरिकेत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ मध्येच बेन्झेड्रिन या उत्तेजक औषधाने मुलांचा अभ्यास सुधारल्याची नोंद केली होती.

साध्या गोळीचा असर सुमारे चार तास राहतो. तिने भूक मंदावते, संध्याकाळी दिली तर झोप उडते. म्हणून आम्ही आधी पोटभर नाश्ता देतो, मग गोळी. वजन, उंची, रक्तदाब डॉक्टर वेळोवेळी पाहतात.

आता तो मौलवीसाहेबांसमोर सबक पुरा करून उठतो. मात्र गोळी सबक शिकवत नाही. ते काम आपलेच. आजारावर इलाज करावा, ही आपल्या दीनची शिकवण आहे. दुआ तर आम्ही करतोच. तुमच्याही घरी असे मूल असेल, तर त्याला 'शैतान' म्हणण्याआधी डॉक्टरांना जरूर दाखवा.