भरवशाची आहे का गं?

माझ्याकडे १९६६ सालची, उघड्या टपाची मस्टँग आहे असं सांगितलं की अमेरिकन माणूस विचारतो, "कलर कोणता?" आणि मराठी माणूस विचारतो, "भरवशाची आहे का गं?"

दोघंही आपापल्या जागी बरोबर. कलर निळा आहे, शाळेच्या युनिफॉर्मपेक्षा एक शेड फिकट. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही.

कारण भरवसा हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. सॅन होजेत मी जिथं नोकरी करते तिथं माझं डेझिग्नेशन आहे 'साइट रिलायबिलिटी इंजिनिअर'. भारदस्त वाटतं ना? साध्या मराठीत सांगायचं तर सर्व्हर झोपले की त्यांना उठवायचं, आणि त्यासाठी आधी आपण उठायचं. रात्री तीन वाजता फोन किंचाळतो, मी अंधारात चष्मा शोधते. आमच्या भाषेत '९९.९ टक्के चालू' म्हणजे वर्षाकाठी फक्त पावणेनऊ तास बंद पडायची मुभा. त्या पावणेनऊ तासांसाठी डझनभर माणसं आळीपाळीनं जागतात.

या धंद्यात भरवशाचे दोन हिशेब असतात. एक, दोन बिघाडांच्या मध्ये किती दिवस जातात. दुसरा, बिघाड झालाच तर गाडं पुन्हा रुळावर यायला किती वेळ लागतो. सगळी दुनिया पहिलाच हिशेब विचारते. माझी मस्टँग त्यात सपशेल नापास! पण दुसऱ्या हिशेबात तिनं माझ्या ऑफिसातल्या भल्याभल्या सिस्टिम्सना गार केलंय.

उदाहरण देते. एका रविवारी हाफ मून बेच्या गॅस स्टेशनवर तिनं असहकार पुकारला. सेल्फ मारला की खोकायची, क्षणभर धरायची आणि मान टाकायची. सकाळचे दहा, म्हणजे डोंबिवलीत रात्रीचे साडेदहा. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी बावीस वर्षं प्रीमियर पद्मिनी सांभाळली, आणि सांभाळली म्हणजे दर रविवारी बनियनवर बॉनेटमध्ये डोकं घालून सांभाळली. ते म्हणाले, "फोन इंजिनपाशी धर. सेल्फ मार. हं... पेट्रोल चढतंय. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढ. सीबी पॉइंट बघ, गॅप मिटलाय का?"

मिटला होता. गेज जवळ नव्हता. "मग व्हिजिटिंग कार्ड असेल की," बाबा म्हणाले. "दुमडून घाल, तात्पुरतं चालेल." पॉलिश पेपरसाठी मी नखं घासायची पट्टी वापरली. पॉइंट साफ केले, दुमडलेलं कार्ड मध्ये धरून स्क्रू आवळला, आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू! सगळं मिळून वीस मिनिटं. कार्डावर माझं नाव आणि खाली 'साइट रिलायबिलिटी इंजिनिअर'. त्याचा इतका थेट उपयोग आजवर कुणी केला नसावा.

आता यात दोष गाडीचा नव्हे, वयाचा. आणि आजच्या गाडीत हे होतच नाही, हेही मान्य. पण आजची गाडी जेव्हा बसते तेव्हा ती डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लावते आणि गप्प होते. मग टो ट्रक, मग स्कॅनर, मग 'मॉड्यूल' नावाची एक काळी डबी, जी उघडायची नसते, फक्त बदलायची असते. माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं की सहा सिलिंडर एका ओळीत, एक साधा कार्ब्युरेटर आणि दोन्ही बाजूंना हात घालायला भरपूर जागा. २०० क्यूबिक इंचांचं हे इंजिन, म्हणजे जवळपास ३.३ लिटर, क्रँकशाफ्टला सात मेन बेअरिंग. त्याच्यासोबत मिळणारं व्ही-८ जास्त मिरवायचं, लिलावात भावही त्यालाच. पण रोज चालवायची तर माझं मत या सरळ सहाला.

पार्ट? ही तर सगळ्यात भन्नाट गोष्ट. १९६४च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये मस्टँग आली आणि पहिल्या वर्षभरात चार लाखांवर खपली. इतक्या गाड्या म्हणजे इतके मालक, म्हणजे सुट्या भागांचं अख्खं मार्केट. दाराच्या रबरापासून हेडलाइटच्या रिंगपर्यंत सगळं नवं बनतं, आणि घरपोच येतं. २०११पासून तर उघड्या मस्टँगचा अख्खा पत्र्याचा सांगाडाच फोर्डच्या परवान्यानं नवा बनवून मिळू लागला. साठीच्या माणसाला हाडांचा पूर्ण सेट बदलून मिळावा तसं!

अर्थात इथवर वाचून कुणी सेव्हिंग मोडायला निघालं असेल तर जरा थांबा. जुन्या उघड्या अमेरिकन गाडीत खरी भीती इंजिनची नसतीच. भीती असते पाण्याची.

त्याचा फंडा असा. गाडीचं छप्पर हे फक्त डोक्यावरचं झाकण नसतं, गाडीचा ताठपणा त्यावर असतो. छप्पर कापलं की गाडी बुटाच्या खोक्यासारखी होते. झाकण काढलेलं खोकं कसं पिळलं जातं? तसं. म्हणून फोर्डनं उघड्या मस्टँगच्या फरशीखाली आणि दारांच्या खालच्या पट्ट्यांमध्ये जादा पोलाद घातलं. छप्पर नाही तरी ती बंद गाडीपेक्षा सत्तर-एक किलो जड भरते ती त्यामुळेच. आणि गंज नेमका तिथंच बसतो. काचेच्या खालच्या जाळीतून पाणी आत झिरपणं, हा त्या काळच्या मस्टँगचा जगजाहीर आजार. टपाच्या शिवणींतून येणारं पाणी वेगळंच. वरून चकाचक पेंट, आणि खाली कार्पेटच्या आड पत्र्याची चाळण.

मी गाडी बघायला गेले तेव्हा इंजिन शेवटी ऐकलं. आधी दारं बघितली. दार आणि बॉडीमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? गाडी जॅकवर उचलली तरी दार तसंच अलगद लागतं का? जॅक लावल्यावर दार अडकलं तर समजायचं, कणा गेलाय. मग खिशात चुंबक घेऊन पत्र्यावर फिरवायचं. जिथं चिकटत नाही तिथं लांबी भरलीय. पहिल्या चार गाड्या मी अशाच नाकारल्या. एका विक्रेत्याला चुंबक बघून इतका राग आला की त्यानं चावी परत मागितली. उत्तर मिळालंच की!

आणि दुसरी भीती ब्रेकची. १९६६पर्यंत मस्टँगला ब्रेक ऑइलचं एकच सर्किट असायचं. म्हणजे एका चाकाशी गळती लागली की चारही चाकांचे ब्रेक गेले. १९६७पासून दोन सर्किटं आली. गाडी घेतल्यावर माझा पहिला खर्च म्हणूनच सीट कव्हरवर नाही, म्युझिक सिस्टिमवर नाही, तर दुहेरी मास्टर सिलिंडर आणि पुढच्या डिस्क ब्रेकवर झाला. तरीही एअरबॅग नाही, डोक्यामागे टेकू नाही, पट्टा फक्त कमरेचा. अमेरिकेत १९६८पासून पुढच्या सीटना खांद्यावरचा पट्टा सक्तीचा झाला, तेव्हाही उघड्या गाड्या त्यातून वगळल्या होत्या. आई याच कारणासाठी या गाडीचं नाव काढत नाही, आणि तिच्याशी वाद घालायला माझ्याकडे मुद्दाच नाही. फ्रीवेवर मी ही गाडी नेत नाही. पावसात नेत नाही. माझा भरवसा असा अटी लागू असलेला आहे.

मग एवढं सगळं कशासाठी, बॉस?

गंमत म्हणजे हा प्रश्न खुद्द डेट्रॉइटलाही पडला होता. गाड्यांत एसी आले, हायवेचे वेग वाढले, आणि गाडी उलटली तर काय, याबद्दल सरकार कडक नियम आणणार अशी हवा झाली. एकेका कंपनीनं उघड्या गाड्या बंद केल्या. २१ एप्रिल १९७६ रोजी कॅडिलॅक एल्डोराडोची 'शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल' गाजावाजा करून कारखान्याबाहेर आली. शेवटच्या २०० गाड्या अगदी एकसारख्या, पांढऱ्याशुभ्र. लोकांनी ठेव म्हणून जादा पैसे मोजून घेतल्या. उघड्या गाड्यांना संपवणारा तो नियम काही आलाच नाही! १९८२मध्ये क्रायस्लरच्या ली आयकोका यांनी लबॅरन ही उघडी गाडी आणली. मस्टँगच्या जन्मात मोठा हात होता तेच हे आयकोका. १९८३मध्ये मस्टँगचा टप परत आला, आणि १९८४मध्ये कॅडिलॅकचाही. तेव्हा १९७६चे काही मालक चक्क कोर्टात गेले. शेवटची म्हणून विकलीत ना आम्हाला?

मला ही गोष्ट फार आवडते. ज्याची गरज नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं, ते सहा वर्षांत परत आलं. सोय म्हणून नव्हे. लोकांना वारा हवा होता.

वारा म्हणजे तरी काय? हायवे ९२नं डोंगर ओलांडून हाफ मून बेला उतरताना निलगिरीचा वास येतो, मग ओल्या मातीचा, मग एकदम समुद्राचा. बंद गाडीतून मी तो रस्ता तीन वर्षं केला होता. एकदाही हे वास आले नव्हते. जुलैतसुद्धा तिथं धुकं असतं, म्हणून टप खाली, हीटर पायावर, कानटोपी डोक्यावर असा अवतार. ताशी ४५ मैल म्हणजे काही वेग नव्हे, पण उघड्या गाडीत तो ऐंशीसारखा अंगावर येतो. साहजिकच मी हळू जाते. फोन वाजला तरी ऐकू येत नाही. (ऑन-कॉलच्या आठवड्यात गाडी गराजमध्येच.)

माझा टप हातानं उघडायचा आहे. काचेवरचे दोन खटके सोडायचे, मागे लोटायचा, नीट घडी घालायची. बटणवाला हायड्रॉलिक टपही तेव्हा मिळायचा, पण त्याचे पाइप गळतात, मोटर दमते. मनगटाची मोटर बरी. टप दुमडून महिनोन्‌महिने ठेवायचा नाही, कापड आकसतं. मागची प्लॅस्टिकची काच उन्हानं पिवळी पडते, तिला आरामात वागवायचं.

आणि माणसं! सिग्नलला थांबलं की शेजारचा ट्रकवाला काच खाली करून बोलतो. एक आजी पार्किंगमध्ये थांबल्या, दारावर हात ठेवला आणि म्हणाल्या, माझी पिवळी होती, लग्नाआधी विकली. मग दहा मिनिटं त्या गाडीबद्दल. माझ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची नावं मला सहा वर्षांत कळली नव्हती. गाडी आल्यावर महिन्याभरात कळली.

बाबांना सुरुवातीला मी फोटो पाठवला तेव्हा वाटलं होतं, ओरडतील. ते म्हणाले, "अमेरिकन गाड्यांचं काय कौतुक सांगतेस? आपल्या कुर्ल्याला प्रीमियरनं सुरुवात डॉज-प्लिमथनं केली, फियाट नंतरची." मग दर रविवारी फोन. प्लगचा रंग दाखव. ऑइल किती काळं झालं? मिसिंग मारते का? पद्मिनी विकल्यापासून रविवारी सकाळी त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे आईनं मला नंतर सांगितलं. त्याआधी आमचे फोन 'जेवलीस का, थंडी आहे का' एवढ्यावर संपायचे.

माझा मेकॅनिक कधीपासून मागे लागलाय, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवून टाक. छोटंसं असतं, कॅपखाली मावतं, बाहेरून दिसतही नाही. पुन्हा कधी गॅप मिटायला नको. माझ्या ऑफिसच्या कुठल्याही मीटिंगमध्ये हा प्रस्ताव दोन मिनिटांत पास झाला असता. मी त्याला दोनदा 'पुढच्या वेळी' सांगितलंय. तिसऱ्यांदाही तेच सांगणार आहे.

बाबा ऑक्टोबरात येतायत, सहा महिन्यांसाठी. मी विचारलं, सामानात काय आणताय? आई मागून लाडू, मेतकूट, गोडा मसाला अशी यादी वाचत होती. बाबा म्हणाले, फिलर गेज. मी म्हटलं, इथं मिळतो हो, इंचातला. या गाडीचा गॅप पंचवीस हजारांश इंच असतो.

"म्हणजे ०.६ च्या थोडा वर," बाबा म्हणाले. "मी माझाच आणतो."