विलायतेच्या उंबरठ्यावर

परदेश पाहून आलेल्या मनुष्यास आपल्याकडे जे प्रश्न विचारले जातात ते बहुधा ठरलेले असतात. थंडी सोसली काय, जेवणाची सोय कशी झाली, राजवाडा पाहिला कीं नाहीं, इत्यादि. आम्ही गेल्या वर्षीं विलायतेहून परत आलों, तेव्हां आमच्या वृद्ध आत्याबाईंनीं मात्र निराळाच प्रश्न केला. “तिथल्या साहेबानें दारांत उभें करून तुला काय विचारलें रे?” घरांतील मुलें हंसलीं. परंतु विचार करतां आम्हांस असें वाटलें कीं, त्या देशाविषयीं जें कांहीं सांगण्यासारखें आहे त्याचा आरंभ खरोखर त्या दारापासूनच होतो.

एके काळीं समुद्र ओलांडणाऱ्यास पहिला जाब स्वकीयांसच द्यावा लागे. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं वैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेस निघाल्या, त्या वेळीं परक्या सरकारच्या परवान्याची विवंचना त्यांस नव्हती. विवंचना होती ती आपल्याच समाजाची, आणि म्हणून बंगालमधील श्रीरामपूर येथें भर सभेंत उभें राहून आपण कां जातों हें त्यांनीं सांगितलें. परत येणाऱ्यापुढें प्रायश्चित्ताचा प्रश्न असे तो वेगळाच. आतां काळ उलटला आहे. प्रायश्चित्ताचें नांवहि कोणी काढीत नाहीं, पण “तेथें जाऊन काय करणार?” हा प्रश्न मात्र राहिला आहे, आणि त्याचें उत्तर निघण्यापूर्वींच, दुसऱ्याच्या दारीं लेखी द्यावें लागतें. हिंदुस्थानच्या नागरिकांस केवळ पाहुणे म्हणून ब्रिटनमध्यें जाण्यासहि आधीं व्हिसा घेणें आवश्यक झालें तें १९८६ पासून.

आम्ही संस्कृताचे अध्यापक. इंग्लंडांतील एका विद्यापीठानें ‘मेघदूता’वर दोन व्याख्यानें देण्यास आम्हांस पाचारण केलें, आणि जाण्यायेण्याच्या खर्चाखेरीज कांहीं मानधनहि देऊं केलें. सौभाग्यवतीनेंहि बरोबर यावें असें घरांत ठरलें. रात्रीं जेवणें आटोपल्यावर माजघरांत अर्जाचा विचार निघाला, आणि अर्जांतील एका रकान्यापाशीं सारी मंडळी अडली. भेटीचा हेतु काय, असा तो रकाना होता.

आमचे धाकटे बंधु व्यवहारांत मुरलेले. ते म्हणाले, “दादा, सरळ स्थलदर्शन म्हणून लिहा. दोन तासांच्या व्याख्यानांचा बोभाटा कशाला? मानधनाचें नांव काढलें कीं चौकशा वाढल्या आणि व्हिसा हुकला असें समजा.” अर्ज भरून देण्याचा धंदा करणाऱ्या एका गृहस्थांनींहि त्यांस हाच सल्ला दिला होता. थोरले बंधु अण्णा यांचा जन्म वकिलींत गेलेला. ते कांहीं वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “त्यांनीं काय करणार असें विचारलें आहे, आणि आपण सांगणार भलतेंच. उद्यां त्या विद्यापीठाच्या जाहिरातींत याचें नांव छापून येईल, तेव्हां खोटें बोलणारा कोण ठरेल? आधीं नियम वाचूं, मग भीति वाटून घेऊं.” आणि खरोखरच पुढचे चार दिवस त्यांनीं ते नियम एखाद्या खटल्याचे कागद वाचावे तसे वाचले.

त्यांतून जें निष्पन्न झालें तें वाचकांपैकीं अनेकांच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें देतों. ब्रिटनचा कायदा पाहुणा आणि नोकर यांत कडक भेद करतो. पाहुण्यास साधारणतः सहा महिन्यांपर्यंत राहतां येतें. तेवढ्या काळांत त्यानें सभा, परिषदा, चर्चासत्रें यांस हजर राहावें, मुलाखत द्यावी, व्यापाराचे करार ठरवून सह्या कराव्या, एखादा कारखाना पाहावा, नफ्याचा हेतु नसलेल्या सभेंत एखाददुसरें भाषण करावें. या कशासहि हरकत नाहीं. आपल्या देशांतील कचेरीचें काम दूर बसून केलें तरी चालतें. मात्र तोच भेटीचा मुख्य हेतु असतां कामा नये. हरकत आहे ती तेथील संस्थेची चाकरी करण्यास, दुकान थाटून लोकांस माल विकण्यास, आणि सर्वसाधारणपणें तेथील कोणाकडूनहि मोबदला घेण्यास. प्रवासाचा व राहण्याजेवणाचा वाजवी खर्च यजमानानें दिला तर तो मोबदल्यांत धरीत नाहींत.

मग मानधनाचें काय? त्यासाठीं नियमांतच एक अपवाद ठेविलेला आहे. परीक्षक किंवा निवडसमितीचे सभासद म्हणून बोलाविलेले विद्वान, उच्च शिक्षणसंस्थांनीं बोलाविलेले व्याख्याते, न्यायालयांत अथवा लवादापुढें पक्षकाराची बाजू मांडणारे वकील, वैमानिकांचे परीक्षक, गायक-वादक-नट, खेळाडू, आणि परिषदेंत भाषणासाठीं निमंत्रित केलेले वक्ते यांस मोबदला घेतां येतो. पूर्वीं, म्हणजे २०१२ पासून, यासाठीं एक महिना मुदतीचा स्वतंत्र व्हिसा असे. ३१ जानेवारी २०२४ पासून तो निराळा राहिला नसून साध्या पाहुण्याच्या व्हिसांतच ही सवलत अंतर्भूत झाली आहे. अजूनहि जुन्या व्हिसाच्या गोष्टी सांगणारे लोक भेटतात. त्यांच्यावर विसंबूं नये.

सवलतीच्या अटी मात्र पक्क्या आहेत. निमंत्रण रीतसर व लेखी असावें. तें निघण्यापूर्वींच ठरलेलें असावें. अर्जदार अठरा वर्षांवरील असून काम त्याच्या नेहमींच्या व्यवसायांतलें असावें. आणि तेथें पोंचल्यापासून तीस दिवसांच्या आंत तें पुरें व्हावें. शेवटची अट आमच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची. मोबदल्याचें हें काम व्हिसाच्या अर्जांत स्पष्टपणें नमूद केलेलें असलें पाहिजे. म्हणजे धाकट्या बंधूंच्या सल्ल्यानें जी गोष्ट आम्ही लपविणार होतों, ती सांगणें हीच ती करण्याची पहिली अट होती! उलट, अर्जांत लबाडी केल्याचें आढळल्यास पुढील दहा वर्षें दार बंद होऊं शकतें. अण्णांनीं हें वाचून दाखविलें तेव्हां धाकटे बंधु नुसते “हूं” म्हणाले.

अर्जाबरोबर विद्यापीठाचें पत्र, आमच्या महाविद्यालयाचा रजेचा दाखला, आणि कांहीं मराठी कागदांचीं प्रमाणित इंग्रजी भाषांतरें जोडलीं. कारण इंग्रजी वा वेल्श यांखेरीज अन्य भाषेंतील कागद भाषांतरावांचून चालत नाहीं. दहाहि बोटांचे ठसे देऊन आलों. निकालास सामान्यतः तीन आठवडे लागतात. ते तीन आठवडे कसे गेले हें आम्हांसच ठाऊक. व्याख्यानांचीं पत्रकें तिकडे छापलीं गेलीं होतीं, आणि इकडे खरें लिहिल्याचें फळ काय मिळतें याची सारें घर वाट पाहत होतें. विसाव्या दिवशीं पासपोर्ट परत आले. दोहोंतहि व्हिसा होता. आत्याबाईंनीं देवापुढें साखर ठेविली.

हीथ्रोच्या विमानतळावरील त्या दिवाणखान्यांत शेंकडों माणसें दोरीच्या वळणांतून सरकत होतीं. आमचा क्रम आला तेव्हां समोर साहेब नव्हता, पंचविशीतील एक बाई होती. किती दिवस राहणार, व्याख्यानें कोणत्या तारखांस, खर्च कोण देणार, एवढें तिनें विचारलें. पत्र नीट वाचलें. “विषय काय?” असा शेवटचा प्रश्न आला. एक यक्ष ढगाबरोबर पत्नीस निरोप धाडतो, असें सांगतांच ती हंसली. मग सौभाग्यवतीकडे वळून म्हणाली, “आणि आपण येथें काय करणार?” सौभाग्यवतीनें शांतपणें उत्तर दिलें, “यांचीं व्याख्यानें ऐकणार. घरीं तेवढी सवड मिळत नाहीं.” शिक्का पडला.

पहिल्या दहा दिवसांतच दोन्ही व्याख्यानें झालीं, आणि मन मोकळें होऊन आम्ही लंडन पाहावयास निघालों. प्रेक्षणीय स्थळांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. आम्ही मात्र भुयारी आगगाडीनें वॉरिक अ‍ॅव्हेन्यू स्थानकावर उतरून प्रथम एका लहानशा रस्त्याच्या शोधांत गेलों. जवळच कालव्याचें पाणी संथ पसरलेलें आहे. त्यावर लांबट, अरुंद, रंगविलेल्या होड्या बांधलेल्या असतात, आणि कित्येकांत माणसें संसार करून राहतात. या भागास ‘लिटल व्हेनिस’ म्हणतात. तेथून कांहीं पावलांवर हाउली प्लेस नांवाची शांत गल्ली लागते. दहा क्रमांकाच्या घरावर एक निळी वाटोळी पाटी आहे. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्यें या घरीं राहत होते.

त्या पाटीखालीं उभें असतां आमच्या मनांत आलें, “तेथें जाऊन काय करणार?” हा प्रश्न या पुरुषासहि विचारला गेला होता, आणि किती निराळ्या रीतीनें! १९१८ सालीं स्वराज्याची मागणी घेऊन लोकमान्य सहकाऱ्यांसह विलायतेस निघाले, तों कोलंबोस पोंचतांच त्यांचे पासपोर्ट रद्द करण्यांत आले. पुढें त्याच वर्षीं, सर व्हॅलेंटाइन चिरोल यांजवर लाविलेल्या बेअब्रूच्या दाव्यासाठीं जाण्याची परवानगी मिळाली; पण राजकीय चळवळींत भाग घेऊं नये ही अट घालून. न्यायालयांत जावें, पण स्वराज्याविषयीं ओठ उघडूं नयेत! दावा फेब्रुवारी १९१९ मध्यें त्यांच्याविरुद्ध गेला. ती अट मात्र मागाहून उठविण्यांत आली, आणि मग त्यांनीं इंग्लंडांतील सभांतून आपल्या देशाची बाजू मांडली.

आमच्या दोन व्याख्यानांची त्या प्रवासाशीं तुलना करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. ती राज्यकर्त्यांनीं प्रजेच्या तोंडावर घातलेली मुसकी होती. आमची अट ही एका स्वतंत्र देशाच्या नागरिकास दुसऱ्या देशानें घातलेली, अगोदर छापून ठेविलेली आणि सर्वांस सारखी. पहिली अन्यायाची, म्हणून तिच्याशीं झगडणें हाच धर्म. दुसरी यजमानाच्या घराची रीत, म्हणून ती पाळणें हा पाहुण्याचा धर्म. हा भेद कळला म्हणजे नियम जाचक वाटत नाहींत.

पण धर्म पाळण्याची खरी कसोटी पुढेंच होती. १९३२ सालीं स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची डॉलिस हिल येथील वास्तु पाहून आल्यावर दोनच दिवसांनीं एका महाराष्ट्रीय गृहस्थांनीं आम्हांस घरीं बोलाविलें. पांचपन्नास मंडळी जमलीं. आग्रहावरून आम्ही तासभर ‘मेघदूता’वर बोललों. निघतांना यजमानीणबाईंनीं सौभाग्यवतीची ओटी भरली, आणि नारळाबरोबर एक जाडसें पाकीट पुढें केलें. “काकू, हें मानधन नव्हे हो, दक्षिणा आहे. नाहीं म्हणूं नका.”

क्षणभर आम्ही गोंधळलों. दक्षिणा नाकारणें म्हणजे यजमानाचा अपमान, असें लहानपणापासून ऐकलेलें. पण बोलण्याबद्दल तेथील मनुष्यानें दिलेला पैसा तो पैसाच. त्यास दक्षिणा म्हटलें काय आणि वेतन म्हटलें काय, आणि हें आमंत्रण कांहीं निघण्यापूर्वीं ठरलेलें अथवा अर्जांत लिहिलेलें नव्हतें. आम्ही शब्द शोधीत होतों, तोंच सौभाग्यवतीनें नारळ ओच्यांत घेतला आणि पाकीट बाईंच्या हातीं परत दिलें. म्हणाली, “हें राहूं द्या. आम्ही येथें काय करणार तें दारांत सांगून आलों आहोंत. त्यांत हें नव्हतें.” बाई प्रथम खट्टू झाल्या, मग हंसल्या. त्यांचे यजमान आम्हांस स्थानकापर्यंत पोंचवावयास आले तेव्हां म्हणाले, “काका, इतक्या वर्षांत पाकीट परत देणारे तुम्हीच पहिले. आम्हांसहि हें ठाऊक असावयास हवें होतें.”

परत आल्यावर अण्णांनीं सारा वृत्तान्त ऐकून घेतला, आणि अमेरिकेस जाणाऱ्या मंडळींसाठीं एक टीप दिली. तेथें बी-१ व्हिसावर गेलेल्या विद्वानास विद्यापीठांकडून मानधन घेतां येतें. पण एका संस्थेंतील काम नऊ दिवसांपेक्षां अधिक चालतां कामा नये, आणि सहा महिन्यांत पांचांहून अधिक संस्थांकडून असें मानधन स्वीकारतां येत नाहीं. १९९८ च्या कायद्यानें ही मर्यादा घातली आहे. म्हणजे प्रत्येक घराचा उंबरठा निराळा आणि रीतहि निराळी. ती बदलतहि असते. म्हणून शेजाऱ्यानें चार वर्षांपूर्वीं काय केलें हें न पाहतां, निघण्याच्या वेळीं त्या सरकारनें स्वतः प्रसिद्ध केलेले नियमच वाचावे.

हें सर्व आम्ही आत्याबाईंस सांगितलें. डॉलिस हिल कीं हाउली प्लेस, हें त्यांच्या ध्यानीं राहिलें नाहीं. पाकिटाची गोष्ट मात्र त्यांनीं दोनदां सांगावयास लाविली, आणि मग सौभाग्यवतीकडे पाहून म्हणाल्या, “बरें केलेंस हो! पाहुण्यानें दारांत दिलेला शब्द माजघरांत गेल्यावर विसरूं नये.” कोपऱ्यांत बसलेले धाकटे बंधु या वेळीं “हूं” म्हणाले नाहींत. उठून त्यांनीं कपाटांतून आपल्या मुलाचा अर्ज काढला आणि अण्णांपुढें ठेविला. त्यास पुढच्या महिन्यांत एका परिषदेसाठीं परदेशीं जावयाचें आहे.